जपानमध्ये दाशी टाळून: एका शाकाहारी दांपत्याच्या दौऱ्याचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण सांगलीच्या एका दांपत्याचं आहे. काका वीज मंडळातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले, काकू शाळेत शिक्षिका होत्या. दोघंही साठीच्या पुढचे, चालायला खणखणीत. जपान बघायचं काकांच्या मनात फार वर्षांपासून होतं, आणि दर वेळी बेत एकाच वाक्यावर येऊन अडायचा: "तिथे आपल्याला जेवायला काय मिळणार?" मी पुण्यात परदेश दौरे आखून देण्याचं काम करतो. त्यांच्या परवानगीने, नावं न देता, हे सविस्तर लिहितो आहे. जपानला जाऊ इच्छिणारं जवळपास प्रत्येक शाकाहारी मराठी कुटुंब मला हाच प्रश्न विचारतं, आणि त्याला मिळणारी उत्तरं बहुतेक वेळा एकतर उगाच घाबरवणारी असतात नाहीतर सरळसरळ खोटी.

माझ्याकडे येण्याआधी त्यांनी एका गट सहलीची चौकशी केली होती. चाळीसेक माणसं, सोबत टूर मॅनेजर, रोज रात्री भारतीय जेवण. अशा सहली वाईट असतात असं मी म्हणणार नाही. ज्यांना दिवसाकाठी एकदा वरण-भात पोटात गेल्याशिवाय झोप येत नाही, त्यांच्यासाठी त्या योग्यच आहेत. पण या व्यवस्थेला एक किंमत असते आणि ती पत्रकात छापलेली नसते. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी एवढी माणसं बसतील अशा भारतीय हॉटेलात पोचायचं, म्हणजे दौऱ्याचा रस्ता त्या हॉटेलांच्या गावांवरून ठरतो. जिथे भारतीय स्वयंपाकघर नाही तिथे मुक्काम नाही. काकूंना कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध मठांच्या गावात, तिथल्या एखाद्या मठात राहायचं होतं. कोयासान त्या सहलीत नव्हतंच, आणि का नव्हतं ते वरच्या वाक्यात आलं. गंमत अशी की शाकाहारी माणसाने जपानमध्ये निर्धास्तपणे जेवावं अशी जागा शोधायची तर पहिलं नाव कोयासानचंच निघतं.

म्हणून आम्ही दोघांपुरता, सोबत स्थानिक गाइड असलेला दौरा आखला. तोक्यो, हाकोने, क्योतो, नारा, कोयासान आणि शेवटी ओसाकाहून परत. वेळ ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा.

कोण काय खातं

हॉटेलं धरण्याआधी मी त्यांच्याशी फोनवर फक्त खाण्याबद्दल बोललो. "आम्ही प्युअर व्हेज" एवढ्यावर जपानचा दौरा आखता येत नाही. दोघंही मांस, मासे आणि अंडं खात नाहीत. दूध, दही, तूप चालतं. इथपर्यंत सोपं. पुढे फाटे फुटले. केकमधलं, बिस्किटातलं अंडं काकांना चालतं, काकूंना नाही. काकूंचा चातुर्मास असतो आणि तो कार्तिकी एकादशीपर्यंत चालणार होता, म्हणजे अख्खा दौरा त्यात. कांदा, लसूण, वांगं बंद. त्यात तिच्या आधीची एकादशी नेमकी नाऱ्याच्या दिवशी येत होती.

"अहो, चातुर्मास सोडून देऊ का या वर्षी? देव काही रागावणार नाही," असं काकूंनीच एकदा विचारलं. मी त्यांना सांगितलं की ते तुमचं तुम्ही ठरवा, पण माझ्या सोयीसाठी नको. कोणाची रेघ कुठे आहे हे दौरा आखणाऱ्याने ठरवू नये. ती रेघ पाळून जायचं तर काय काय करावं लागेल, एवढं त्याने पैसे घेण्याआधी खरं खरं सांगावं.

मग मी दाशीचा विषय काढला.

खरी अडचण

जपानमध्ये भाज्यांना तोटा नाही. मुळा, भोपळा, रताळं, कमळकाकडी, पालक, नाना तऱ्हेच्या अळंब्या, सोयाबीनपासून केलेले तोफू, युबा, मिसो आणि उत्तम भात. तरी शाकाहारी माणूस अडकतो, कारण यातलं बहुतेक सगळं दाशी नावाच्या रसात शिजतं. दाशी म्हणजे साधारणपणे कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे धूर देऊन वाळवलेल्या बोनिटो माशाचे कागदासारखे पातळ काप, यांचा काढा. मिसो सूप, उदोन या जाड शेवयांचा रस्सा, सोबा शेवया बुडवून खायचं त्सुयू, तेम्पुरा म्हणजे जपानी भज्यांबरोबरची वाटी, उकडलेली पालेभाजी, सगळीकडे ती असते. आपल्याकडे कुणी "आमटी करा, पण फोडणी नको" म्हटलं तर घरच्या बाईला जसा प्रश्न पडेल, तसा दाशी नको म्हटल्यावर तिथल्या आचाऱ्याला पडतो. माशाचा तुकडा ताटात नाही, म्हणजे ते शाकाहारी झालं, असं तो प्रामाणिकपणे मानतो. यात फसवणूक नसते.

याला इतिहासही आहे. 675 मध्ये सम्राट तेन्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खायला बंदी घातली, तीही वर्षाच्या ठरावीक महिन्यांत. मासा त्या यादीत नव्हता. पुढे शतकानुशतकं मांस खाणं कमीपणाचं मानलं गेलं. 1872 मध्ये सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं तेव्हा ती मोठी बातमी ठरली. एवढ्या सगळ्या काळात मासा मात्र रोजच्या जेवणात राहिला. मासा, अंडं, मांस यांतलं काहीही नसलेला स्वयंपाक टिकला तो बौद्ध मठांत. त्याला शोजिन र्‍योरी म्हणतात. झेन गुरू दोगेन यांनी तर 1237 मध्ये मठातल्या स्वयंपाक्याने कसं वागावं याचे नियम लिहून ठेवले. या स्वयंपाकात दाशी कोम्बूची आणि वाळवलेल्या शिताके अळंबीची. शिवाय कांदा-लसूण वर्गातल्या उग्र वासाच्या भाज्याही त्यात वर्ज्य.

फोनवर हे ऐकताच काकू म्हणाल्या, "म्हणजे त्यांचा बारा महिने चातुर्मासच!" तिथेच दौऱ्याचा आराखडा ठरला. जिथे शोजिन स्वयंपाक मूळचाच आहे त्या जागांना मुक्काम आणि मुख्य जेवणं द्यायची, आणि बाकी ठिकाणी गाइडने आधी फोन करून सोय लावायची.

कोम्बूची दाशी ही तडजोड आहे असं समजू नये, हेही मी काकांना सांगितलं. किकुनाए इकेदा या शास्त्रज्ञाने 1908 मध्ये ग्लुटामेट वेगळं काढलं ते कोम्बूच्या काढ्यातूनच. चव मुळात त्या शेवाळात आहेच.

तयारी

गाइड निवडताना मी परवाना पाहिला. जपानमध्ये 2018 पासून परवान्याशिवायही पैसे घेऊन गाइडचं काम करता येतं, तरी राष्ट्रीय परीक्षा देऊन परवाना मिळवलेले गाइड अजून आहेत आणि मी शक्यतो तेच घेतो. पण माझ्या दृष्टीने खरी कसोटी एका प्रश्नाची होती. "मिसो सूप चालेल का?" असं मी दोन गाइडना विचारलं. एक म्हणाले, "हो, त्यात फक्त तोफू असतो." दुसऱ्या बाईंनी उलट विचारलं, "त्यांना कात्सुओ दाशी चालते का?" काम त्यांना दिलं.

या गाइडबाईंनी पहिल्याच पत्रात एक शंका काढली जी माझ्या यादीत नव्हती. काकूंना कांदा चालत नाही, मग नेगी चालेल का? नेगी म्हणजे जाड, लांब कांद्याची पात. जपानमध्ये ती कोथिंबिरीसारखी प्रत्येक वाडग्यावर भुरभुरतात. अर्थातच चालणार नव्हती. मग त्यांनी दोघांसाठी दोन वेगळी जपानी कार्डं तयार केली. काय नको ते सगळं नावानिशी: मांस, मासा, कोळंबी-खेकडा, अंडं, कात्सुओ दाशी, निबोशी म्हणजे सुक्या लहान माशांची दाशी, डुकराचा किंवा कोंबडीचा अर्क. काकूंच्या कार्डावर वर कांदा, लसूण, नेगी, वांगं. आणि खाली, तितक्याच ठळक अक्षरात, काय चालतं: कोम्बू, शिताके, सोया सॉस, मिसो, दूध. ही खालची ओळ फार महत्त्वाची. नुसती नकारांची यादी पाहिली की आचारी घाबरून सरळ "जमणार नाही" म्हणतो. काय वापरता येईल ते दिसलं की त्याचं डोकं चालायला लागतं.

हाकोनेला एका पारंपरिक र्‍योकानमध्ये, म्हणजे जपानी सरायवजा घरात, एक रात्र राहायचं होतं. तिथलं रात्रीचं जेवण म्हणजे अनेक पदार्थांचा कायसेकी थाट, त्याची तयारी आदल्या दिवसापासून चालते. पहिल्या र्‍योकानने गाइडबाईंना स्पष्ट सांगितलं, मासे काढून देऊ, दाशी बदलता येणार नाही. या नकाराबद्दल मला आदरच वाटला. गोड बोलून हो म्हणणाऱ्यांपेक्षा असा नकार शंभरपट बरा. दुसऱ्याने एक आठवडा आधी कळवलं तर कोम्बू आणि शिताकेवर सगळं करू असं कबूल केलं, ते धरलं.

आता सामान. काकू किटली आणि छोटा कुकर घेऊन निघाल्या होत्या. काकांनीच त्यांना थांबवलं. जपानमध्ये घरगुती वीज 100 व्होल्टची. आपली 230 व्होल्टची किटली तिथे लावली तर जेमतेम पंचमांश ताकदीने तापेल, पाणी उकळायला अर्धा दिवस जायचा. (काकांना यात भलताच रस. फुजी नदीच्या पूर्वेला 50 हर्ट्‌झ आणि पश्चिमेला 60 हर्ट्‌झ, कारण मेइजी काळात तोक्योने जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकन, हे त्यांनी मलाच समजावून सांगितलं.) तसंही हॉटेलच्या खोलीत स्वयंपाक करू देत नाहीत, आणि पाणी उकळायची किटली जवळपास प्रत्येक खोलीत असते. म्हणून उकळतं पाणी ओतून होईल एवढंच न्यायचं ठरलं: उपमा आणि पोह्यांची तयार पाकिटं, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भडंग, थोडे थेपले, राजगिऱ्याचे लाडू, खजूर. ताजी फळं, भाजी, कढीपत्ता आणि कच्चं धान्य न्यायचं नाही, जपानचे वनस्पती तपासणीचे नियम कडक आहेत.

प्रत्यक्षात काय घडलं

तोक्योत पहिला सगळा दिवस आसाकुसात गेला. सेन्सो-जी हे बौद्ध मंदिर, त्याच्या कामिनारीमोन दरवाजाचा तो प्रचंड लाल कंदील, नाकामिसेची दुकानं, हे सगळेच बघतात. गाइडबाई त्यांना तिथून थोडं पुढे मात्सुचियामा शोदेन या देवळात घेऊन गेल्या. तिथलं दैवत कांगितेन, म्हणजे आपला गणपतीच. मूर्ती दाखवत नाहीत. आणि देवाला वाहतात काय, तर पांढरा मुळा! देवळात जिकडेतिकडे मुळ्याची आणि पैशाच्या बटव्याची चिन्हं कोरलेली, समोर मुळ्यांची रास. वाहिलेले मुळे नंतर भाविकांना प्रसाद म्हणून देतात. सांगलीच्या माणसांना आपल्या गणपतीचं तिथे होणारं कौतुक पाहून काय वाटलं असेल ते मी सांगायला नको. काकूंनी पाठवलेला पहिला फोटो तोच, दोन्ही हातांत मुळा धरून उभे असलेले काका.

तोक्योत काकांचं जेवण सोपं होतं. तोक्यो स्थानकाच्या आत टीज तानतान नावाचं रामेनचं, म्हणजे रस्स्यातल्या शेवयांचं, दुकान आहे, तिथे कोणताही प्राणिज पदार्थ वापरत नाहीत. शिवाय काही शाखांत शाकाहारी करी देणारं कोको इचिबान्या आहे. अडचण काकूंची. वीगन म्हणवणाऱ्या दुकानांत लसूण सढळ हाताने घालतात, आणि भारतीय हॉटेलांत मूळ ग्रेव्हीच कांद्याची तयार असते. यातली बरीच हॉटेलं आता नेपाळी मंडळी चालवतात. एकात गाइडबाईंनी दुपारीच फोन केला, तेव्हा मालकाने मूग डाळ वेगळी शिजवून जिऱ्याची फोडणी देतो म्हणून सांगितलं आणि दिलीही.

पण मला या दौऱ्यातलं सगळ्यात चांगलं जेवण वाटतं ते एका छोट्या सोबाच्या दुकानातलं. सोबा म्हणजे बकव्हीटच्या पिठाच्या शेवया, उकडून गार पाण्यातून काढून वेताच्या जाळीवर वाढतात. शेवयांत काही वावगं नाही. अडतं ते बुडवून खायच्या त्सुयूशी, त्यात कात्सुओ असतोच. जपानमध्ये दुकानात बाहेरचं खाणं घेऊन बसणं अत्यंत वाईट मानतात. गाइडबाई दुपारची गर्दी ओसरल्यावर एकट्या आत गेल्या, कार्ड दाखवलं, आणि कोम्बूचं त्सुयू असलेली छोटी बाटली पर्समधून काढून टेबलावर ठेवत मालकाला विचारलं, एवढं एक वापरू दिलंत तर? म्हाताऱ्या मालकाने बाटलीवरची बारीक अक्षरं चष्मा वर करून पूर्ण वाचली. मग आत जाऊन त्याने दोन रिकाम्या वाट्या, किसलेला मुळा आणि ताजी किसलेली वासाबी आणून ठेवली. नेगीची ताटली मात्र त्याने आपणहून काकांच्याच बाजूला सरकवली. परवानगी आधी मागितली म्हणून हे झालं. खुर्चीवर बसल्यावर पिशवीतून बाटली काढली असती, तर त्याच माणसाने नम्रपणे नकार दिला असता आणि त्याचं ते चुकलंही नसतं.

हाकोनेला रात्रीचं जेवण कबूल केल्याप्रमाणे झालं. तीळ आणि कुझू या कंदाच्या सत्त्वाचा तोफू, कमळकाकडी, अळंब्यांचा भात, तेम्पुराबरोबर मीठ. घोटाळा सकाळी झाला. न्याहारीला वेगळा आचारी होता, त्याच्यापर्यंत निरोप नीट पोचला नव्हता. मिसो सूप समोर आलं, काकांनी वाडगा उचलला, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अहो थांबा, याला वास आहे." गाइडबाईंनी स्वयंपाकघरात विचारलं. दाशी कात्सुओचीच होती. मग एकेक वस्तू तपासली. नात्तो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या डबीतल्या सॉसच्या चिमुकल्या पुडीत कात्सुओचा अर्क. चवदार नोरीच्या, म्हणजे शेवाळाच्या पातळ पापडीच्या, पाकिटावर कोळंबीचा अर्क. उरला भात, साधी उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ, आणि लोणच्यातला मुळा. काकूंनी भातावर मेतकूट घेतलं, तेही आधी विचारून. मालकीणबाई गुडघ्यावर बसून पुन्हा पुन्हा क्षमा मागत राहिल्या, त्यामुळे काकूंनाच अवघडल्यासारखं झालं. ही चूक कोणाही र्‍योकानमध्ये होऊ शकते. रात्रीचं जेवण आणि न्याहारी यांच्यासाठी दोन वेगळे निरोप द्यावे लागतात, हे आता मी बुकिंगच्या पत्रातच लिहितो.

हाकोनेहून क्योतो शिंकानसेन या बुलेट ट्रेनने. तोकाइदो मार्गावरची डब्यातून फिरणारी खाण्याची गाडी 2023 च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली. स्थानकावरच्या एकिबेन डब्यांत मासा किंवा मांस जवळपास ठरलेलंच. इथे कोनबिनी, म्हणजे चोवीस तास चालणारी छोटी दुकानं, कामाला येतात, पण डोळे उघडे ठेवून. मिठाची साधी ओनिगिरी, म्हणजे भाताची मूद, चांगली. उमेबोशीची बहुतेकदा चालते, पण काही उमेबोशीत कात्सुओ मिसळलेला असतो. लोक वेष्टणावरची ॲलर्जीची चौकट बघतात आणि निश्चिंत होतात. ती फसगत आहे. त्या चौकटीत सक्तीने छापावे लागणारे घटक मोजकेच: अंडं, दूध, गहू, सोबा, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा, अक्रोड असे. डुक्कर, कोंबडी, जिलेटिन, सामन, बांगडा यांची नावं छापावीत अशी फक्त शिफारस आहे. बोनिटो तर त्या दोन्ही याद्यांत नाही. म्हणून पूर्ण घटकयादीच वाचावी लागते, आणि फोनचा कॅमेरा कधी कधी भलतंच भाषांतर करतो. गाइडबाईंनी काकांना कात्सुओ आणि अर्क या दोन शब्दांची जपानी अक्षरं कागदावर मोठी काढून दिली. काका ती रोहित्राचा आराखडा वाचावा तशा गांभीर्याने पडताळून बघत आणि मगच वस्तू टोपलीत टाकत.

क्योतोत जरा सुस्कारा सोडता आला. आराशियामाच्या तेन्र्‍यू-जी या झेन मठाच्या आवारात शिगेत्सु नावाचं शोजिन भोजनगृह आहे. बागेचं तिकीट वेगळं काढावं लागतं, तातामी चटयांवर बसून लाल लाखेच्या वाट्यांत जेवायचं. इथे कार्ड दाखवायची वेळच आली नाही. काकूंनी फोनवर मला प्रत्येक वाटीचं वर्णन केलं, आणि शेवटी म्हणाल्या, "पहिल्यांदाच विचारल्याशिवाय जेवले." त्यांच्या आवाजातली ती मोकळीक ऐकून मलाही बरं वाटलं. दर घासाला चौकशी करत जेवणं किती थकवतं, हे बरोबरच्या माणसांना सहसा कळत नाही.

क्योतोतही गाफील राहून चालत नाही. नान्झेन-जीच्या परिसरात युदोफू प्रसिद्ध, कोम्बूच्या पाण्यात उकळता तोफू. मठाच्या शेजारी मिळतो म्हणून लोक तो डोळे मिटून शाकाहारी समजतात. सोबतच्या बुडवायच्या सॉसमध्ये पुष्कळदा कात्सुओ असतो. साधा सोया सॉस मागून घेतला की झालं.

नाऱ्याला एकादशी. खरं सांगायचं तर हा दिवस सगळ्यात सोपा गेला. शरदात जपानभर भाजलेली रताळी मिळतात, याकिइमो. सुपरमार्केटच्या दारातच गरम खड्यांवर ठेवलेली असतात, साल सोललं की आत मधासारखा गर. शिवाय नाऱ्याची काकी (पर्सिमन) फळं ऐन हंगामात होती, दूध, केळी आणि घरचे राजगिऱ्याचे लाडू होतेच. उपास धरून दोघांनी तोदाइ-जी हे बौद्ध मंदिर पाहिलं. तिथल्या सुमारे 15 मीटर उंच बुद्धमूर्तीचे डोळे 752 मध्ये बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने रेखले. त्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे पुण्य सगळ्यांना पोचावं. काकू हे मला दोनदा सांगून गेल्या.

आणि मग कोयासान. मोठ्या बॅगा क्योतोहूनच कुरियरने ओसाकाच्या हॉटेलवर पाठवल्या (ताक्क्युबिन नावाची ही सेवा ज्येष्ठांसाठी वरदान आहे), पाठीवर एकेक छोटी पिशवी. गोकुराकुबाशीपर्यंत आगगाडी, तिथून तीव्र चढाची केबल कार. वर सुमारे 800 मीटरवर, मेपल पेटलेले, थंडी कडक. कुकाई, म्हणजे कोबो दाइशी, यांना 816 मध्ये सम्राटाने ही जागा दिली आणि इथे शिंगोन पंथाचं केंद्र उभं राहिलं. पन्नासच्या वर मठांत आजही मुक्काम करता येतो. दरमाणशी दर साधारण 10,000 येनच्या पुढे सुरू होतो, त्यात रात्रीचं जेवण आणि न्याहारी असते.

जेवण संध्याकाळी लवकर. प्रत्येकासमोर छोट्या पायांचे लाखेचे चौरंग. कोया-दोफू हा गोठवून वाळवलेला तोफू इथलाच, रसात भिजून स्पंजासारखा फुगलेला, दाबला की कोम्बूचा रस तोंडभर. तिळाचा तोफू, मोसमी भाज्यांची तेम्पुरा, भात, लोणचं. वाढणारा तरुण भिक्षू होता. गाइडबाईंनी सवयीने काकूंचं कार्ड काढलं, तेव्हा तो हसून म्हणाला की यातलं काहीच आमच्या स्वयंपाकघरात नसतं. वांगं मात्र असतं! काकूंनी तेम्पुरातली वांग्याची फोड काकांच्या ताटात ठेवली आणि बाकी सगळं संपवलं.

सकाळी मठातली प्रार्थना आणि गोमा, म्हणजे अग्नीत आहुती देण्याचा विधी. भारतातल्या होमापासूनच तो तिथे पोचला. मंत्र म्हणत समिधा अग्नीत टाकणारा पुजारी बघून काकांना आपल्याकडच्या वास्तुशांतीची आठवण झाली. पुढे ओकुनोइन. दोन लाखांहून जास्त समाध्यांमधून, जुनाट सीडरच्या झाडांखालून जाणारी सुमारे 2 किलोमीटरची वाट. कुकाई तिथे अजून ध्यानस्थ आहेत अशी श्रद्धा आहे, आणि सकाळी 6 आणि 10:30 वाजता भिक्षू लाकडी पेटीतून त्यांच्यासाठी जेवण घेऊन जातात. साडेदहाचा नैवेद्य दोघांनी पाहिला. बाराशे वर्षं कोणाच्या तरी जेवणाची वेळ न चुकवणाऱ्या गावात शाकाहारी पाहुण्याची आबाळ कशी होईल?

काय जमलं, काय नाही

ओसाकाचा शेवटचा दिवस खाण्याच्या बाबतीत फसलाच म्हणायचा. दोतोनबोरीत ताकोयाकी म्हणजे ऑक्टोपसचे गोळे, ओकोनोमियाकी या जाड धिरड्यावर हलणारे कात्सुओचे काप, सगळीकडे तोच वास. सगळी दुकानं ऐन गर्दीत, कोणाला शांतपणे विचारायची सोय नाही. त्यांनी तासाभरात तिथून पाय काढला आणि हॉटेलवर उपमा खाल्ला. पुन्हा आखला तर मी ती संध्याकाळ कोबेला देईन. तिथे मोत्यांच्या आणि इतर व्यापारात असलेल्या भारतीयांची जुनी वस्ती आहे, 1985 मध्ये बांधलेलं संगमरवरी जैन मंदिर आहे, आणि कांद्या-लसणाशिवायचं जेवण म्हणजे काय हे तिथे समजावून सांगावं लागत नाही.

खर्च गट सहलीपेक्षा अर्थातच जास्त आला. सगळ्यात मोठा वाटा गाइडबाईंच्या मानधनाचा. त्यात काटछाट करायची असेल तर मी क्योतो आणि कोयासानचे दिवस गाइडशिवाय ठेवेन, तोक्यो आणि हाकोनेचे कधीच नाही. जिथे पंथानेच स्वयंपाक शाकाहारी ठेवला आहे तिथे दुभाषा कमी लागतो. गाइड लागतो तो जिथे दर जेवणाआधी कोणाला तरी फोन करावा लागतो तिथे.

जे गट सहलीनेच जाणार आहेत त्यांनी पैसे भरण्याआधी टूर कंपनीला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. न्याहारीत अंड्याशिवाय काय असेल? दुपारचं जेवण कुठे, आणि त्यातली दाशी कशाची? आणि एका जरी मुक्कामी मठातली खोली देता येईल का? "व्हेज मिळेल" हे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हे. कोयासानच्या खोल्या शरदात आणि एप्रिलअखेरच्या सुट्ट्यांत काही महिने आधीच संपतात, तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरला जायचं असेल तर ती खोली विमानाच्या तिकिटाच्याही आधी धरावी.